तलावाकाठची पक्की खोली

भूकंपानंतर लातुरात आमचं अख्खं घर अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपायचं. आईबाबा, भाऊ-भावजय, घोरणारी आत्या आणि नुकतंच लग्न झालेले आम्ही दोघं. शिकवणीच्या बॅचला दोन दिवस सुट्टी मिळाली, तसा बायकोला घेऊन जळकोटकडच्या एका तलावावर गेलो.

तिथं एक गृहस्थ राहायला जागा द्यायचे. डोक्याला टॉवेल, तोंडात कायम सुपारी. एकीकडं तीन बाजूंनी उघडं गवताचं छप्पर, दुसरीकडं तलावाकडं तोंड केलेली स्लॅबची खोली. विकायला काढलेल्या बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप ते खोलीच्या भिंतीवर मारत, पण दर थापेनंतर हळूच वर बघत.

"लई मजबूत हाय, सर. म्या सोता बांधली."

"मग तुमची बाज बाहेर लिंबाखाली कशी?"

त्यांनी सुपारी या गालातून त्या गालात सरकवली. "म्या सोता बांधली म्हणूनच की!"

मी पिशवी उचलून छपराकडं निघालो. बायको जागची हलली नाही. तिनं खोलीचं दार लावून पाहिलं, उघडलं आणि म्हणाली, "स्लॅब पडला तर पडू द्या. कडी आतून लागते."