बारावा फॉर्मा

काकूंच्या कादंबरीत खुनी कोण, हे त्या मला काही केल्या सांगत नव्हत्या.

खरवईला त्यांच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत मी राहायचे. सातवीत शाळा सुटलेली, यवतमाळकडून आलेली, इथं ओळखीचं कुणी नाही. ती खोली त्यांनी दिली. जोडाक्षरं अडली की चहा गाळता गाळता वाचून दाखवली. उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या बाइंडिंगच्या कारखान्यात मला चिकटवलं तेही त्यांनीच. अंबरनाथच्या एका कंपनीचं टाइम ऑफिस, म्हणजे हजेरीखातं, त्यांनी आयुष्यभर सांभाळलेलं. काका गेल्यावर लिहायला बसल्या आणि लिहिलं काय, तर कंपनीतली टायपिस्ट बाई आणि खून झालेल्या स्टोअरकीपरचं भूत यांचं प्रेम! दुपारचा भोंगा झाला की भूत येणार, तिच्या टेबलावरची टाचणीसुद्धा त्याला उचलता येणार नाही, पण मस्टरवर सही करायला मात्र धडपडणार. दोघं मिळून खुनी शोधतात.

"त्याला कंपनीच्या साहेबानंच मारलं ना, काकू?"

"छापून आलं की वाच."

पुस्तक बांधायला आमच्याच कारखान्यात आलं. सोळा पानांची घडी म्हणजे एक फॉर्मा. लांब टेबलावर तेरा फॉर्म्यांच्या तेरा थप्प्या ओळीनं लावायच्या आणि कडेनं चालत प्रत्येकीतला एकेक उचलायचा. टोकाला पोचलं की हातात पुस्तक. पहिली प्रत मी नीट आकडे बघून जुळवली, काकूंनी पास केली.

मग जेवणाच्या सुट्टीत मला राहवलं नाही. बारावी आणि तेरावी थप्पी खिडकीपाशी उजेडात ओढली आणि वाचत बसले. खुनी कळला. भुतानं निरोप घेतला तिथं रडलेसुद्धा. तेवढ्यात शेठची स्कूटर वाजली. दोन्ही थप्प्या घाईघाईनं ढकलल्या टेबलावर, आणि तेरावी बारावीच्या जागी बसली. पुढं दोन दिवस मी टेबलाला फेऱ्या मारल्या. या कामात हात आकडा बघत नाही, जागा बघतो.

कळलं तेव्हा कडांचं कटिंग झालेलं, टेम्पोत काकूंकडे जायचे गठ्ठे चढत होते. निरोपाचं पान परत वाचावं म्हणून एक प्रत मागून उघडली, तर शेवटचं पान दोनशे आठच्या जागी एकशे ब्याण्णव.

शेठ कपाळाला हात लावून खाली बसला. "चरी आहे तू, चरी!" सिंधीत चरी म्हणजे वेडी. "पहिले बोलती तो शिलाई खोलता. अब कट गया, क्या खोलू, मेरा सर? पार्टीला तूच सांग. तुझी काकू आहे."

आईला फोन केला. ती म्हणाली, "मंग सांगून टाक ना माय तिले. पोटात ठेवून काय लोणचं घालशीन?"

नाही सांगितलं. रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये प्रकाशन. काकू ठेवणीतली साडी नेसून विचारतात, "निऱ्या नीट आहेत का गं?" अशा बाईला काय सांगायचं? खुर्च्या लावताना सांगू म्हटलं, मग हाराची पुडी सोडताना, मग चहा आल्यावर.

काकू वाचायला उभ्या राहिल्या. बागेतला विनोदी प्रसंग वाचणार होत्या. एकशे शहात्तरावं पान संपलं, त्यांनी पान उलटलं आणि त्याच सुरात वाचून गेल्या, "होय, कॅन्टीन मॅनेजर म्हणाला, मीच ढकललं त्याला."

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "घ्या! वहिनी, खुनी फुकटात सांगितलात की! आता पुस्तक कशाला घ्यायचं?"

सगळे हसले. काकू मागं-पुढं पानं चाळत होत्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग माइकवर हळूच म्हणाल्या, "माफ करा हं. माझंच काहीतरी चुकलं असेल लिहिताना. वय झालं आता."

ते मात्र मला सोसवेना. चहाचा ट्रे हातात तसाच धरून मी उभी राहिले. "त्यांचं नाही चुकलं. मी जुळणी चुकवली. सगळ्या प्रतींत."

तोवर अकरा प्रती लोकांच्या पिशव्यांत गेल्या होत्या. कुणाच्या, ते कुणाला सांगता येईना.

घरी आल्या आल्या मी बॅग भरली.

"कुठं निघालीस?"

"गावाला."

"आणि एवढे गठ्ठे कोण निस्तरणार? बस खाली. लिही, 'पान एकशे शहात्तर झाल्यावर शेवटच्या सोळा पानांकडे जावे, एकशे सत्त्याहत्तरपासून वाचावे, मग परत यावे.' प्रत्येक प्रतीला एक चिठ्ठी."

"काकू, माझं अक्षर..."

"चूक तुझी, अक्षरही तुझंच."

लिहीत बसले. काकू डिंक लावत होत्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. डिंकाचं बोट पुसत म्हणाल्या, "शेवट वाचलास ना चोरून? कसा वाटला?"

"तो जायला नको होता."

"खुनी सापडल्यावर कशाला थांबेल तो? मीही खूप विचार केला गं. थांबवता आलं नाही."

मला बोलायचं नव्हतं, तरी बोलून गेले. "या प्रतींत तो जात नाही, काकू. म्हणजे, जातो आधीच, पण परत येतो. शेवटच्या पानावर दोघं स्टोअरमध्ये बसून संशयितांची यादी करताहेत."

काकूंनी हातातली प्रत मागून उघडली. त्या पानावर तळहात ठेवून बसल्या. खाली सोसायटीची मुलं ओरडत होती.

"यातही चिठ्ठी चिकटव," त्या म्हणाल्या, आणि प्रत माझ्यापुढं सरकवली.

मी चिकटवली.