स्फटिकाचे मापन अद्याप प्रलंबित

प्रति : विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. अर्जदार : मी, मलकापूर तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली बसणारा अर्जनवीस. जिच्याकरिता अर्ज : माझी मयत मुलगी, पदार्थविज्ञानाची संशोधक विद्यार्थिनी. साक्षीदार : तिची आई व कचेरीसमोरचा चहावाला. मृत्यूचा दिनांक : गेल्या पोळ्यानंतरचा, नेमकी तारीख लिहिण्यास हात वळत नाही. नावे हेतुतः वगळली आहेत.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असले तरी माझ्या मसुद्यात त्रुटी निघाल्याचे या तालुक्यात कोणी सांगणार नाही. याचे कारण माझी पद्धत. मजकूर पूर्ण झाला की मी तो अर्जदारास मोठ्याने वाचून दाखवितो आणि तो ‘बराबर’ म्हणाल्यावरच सही अगर अंगठा घेतो.

मुलगी लोखंडयुक्त स्फटिकांवर संशोधन करते, अतिथंड केल्यावर त्यांतून वीज विनाअडथळा वाहते, एवढे मी चहावाल्यास अभिमानाने सांगितले होते.

“मंग आपल्या लाइटीच्या डीपीवर हा तार कधी लावता, बाबूजी?” त्याने विचारले.

“त्याले लय थंडी लागते.”

“मंग मलकापूरचं काई खरं नाई.”

हे ऐकून, तेव्हा सुटीत आलेली मुलगी पोट धरून हसली होती. पुढच्या खेपेस ती घरी आली ती रक्ताचा आजार घेऊन.

खाटेवर पडल्या पडल्या एके दुपारी तिने मला सर्व समजावून दिले आणि मी ते लिहून घेतले. लोखंड व सेलेनियम यांच्या स्फटिकात, थंडी वाढली की, इलेक्ट्रॉन आपण होऊन एकच दिशा धरतात. आणखी थंड केल्यावर अतिवाहकता येते, म्हणजे वीज विनाअडथळा वाहू लागते. नेहमीप्रमाणे मी वाचून दाखविले : ‘सबब, इलेक्ट्रॉनांच्या शिस्तीमुळेच वीज विनाअडथळा वाहते.’

“बराबर नाई, बाबा,” ती म्हणाली. “तुमी तर निकालच देऊन टाकला. ते शिस्त मदत करते का आडवी येते, याचा वाद चालूच हाये. खोडा ते.”

“मंग काय लिहू?”

“ठाऊक नाई, असं लिवा.”

‘ठाऊक नाही’ असे लिहिलेला अर्ज कोणत्याही कचेरीत टिकत नाही. तरी मी ओळ खोडली आणि तिने सांगितले तसे लिहिले. तेव्हा तिने डोळे मिटून ‘बराबर’ म्हटले.

सेलेनियमच्या जागी थोडे गंधक घातले की ती शिस्त मोडते. तसा एक स्फटिक तिने स्वतः वाढविला होता. शिस्त मोडल्यावर वीज विनाअडथळा वाहण्यास किती थंडी लागते, हे पाहण्यासाठी तो थंड करून मापायचा राहिला आणि ती घरी आली. शेवटच्या दिवसांत औषधाविषयी तिने काही विचारले नाही. “मापला काय हो त्याईनं?” एवढेच विचारी. तिची आई दर वेळी “मापून राह्यले, माय” म्हणे. मी मान हलवीत असे.

तो स्फटिक आपल्या प्रयोगशाळेत, तिच्या अक्षरातील चिठ्ठीसह, अद्याप पडून असल्याचे समजते. आपले उत्तर आल्यावर मी ते तिच्या रिकाम्या खाटेपाशी मोठ्याने वाचणार आहे. ‘बराबर’ म्हणणारे तेथे कोणी नाही, परंतु वाचून दाखविल्याशिवाय कागद मिटण्याची माझी पद्धत नाही.

करिता नम्र विनंती की, सदर स्फटिक मापण्यात यावा व जे आढळेल ते, ‘ठाऊक नाही’ एवढेच असले तरी, अर्जदारास लेखी कळविण्यात यावे.