फोटोत न दिसणारे हात

सानू, ईशान,

परवा व्हिडिओ कॉलवर सानूने विचारलं, "आज्जी, इतकं छोटं बाळ स्वतःचं डोकं कसं उचलतं?" दोन्ही तळव्यांवर हनुवटी टेकवून झोपलेल्या बाळाचा फोटो तुम्ही, मी काम करते त्या फोटो स्टुडिओच्या वेबपानावर पाहिला होता. मी हसून विषय बदलला. बदलायला नको होता, म्हणून आज लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण मला जे ऐकवलं गेलं ते मराठीत.

बाळ डोकं उचलत नाही. ते मी धरते. एका फोटोत वरून डोकं, दुसऱ्यात खालून मनगटं. मग केतकी, म्हणजे टेमघरच्या त्या स्टुडिओची मालकीण, कॉम्प्युटरवर दोन्ही फोटो जोडते आणि माझे हात पुसते. बाळाची सोलवटलेली त्वचा, काविळीचा पिवळेपणा, माझी बोटं. सगळं एकाच बैठकीत जातं. याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. कामच तसं आहे.

मागच्या हिवाळ्यात जवळच्याच पूर्णा गावातून एक कुटुंब आलं. शेतजमिनीवर गोदामं उभी राहून पैसा आलेलं, दोन गाड्यांतून उतरलेलं. अकरा दिवसांचा मुलगा. मी खोली गरम करून ठेवली होती. नखं कापलेली, अंगठी काढलेली, हात कोपरापर्यंत धुतलेले. मुलाला मऊ कापडात गुंडाळलं, लोकरीची टोपी घातली, वेताच्या टोपलीत निजवलं. त्याची आजी माझ्याच वयाची. कौतुकाने बघत होती.

"किती हलका हात हाय गो तुमचा! आमच्या सुनेला शिकवा जरा. ती पोराला भोपळ्यासारखा धरते."

आम्ही दोघी हसलो. मग तिने विचारलं, "तुमी कुठल्या? आडनाव काय?"

मी सांगितलं.

तुमच्याकडे आडनाव म्हणजे फॉर्मवरचा एक रकाना. इथे त्यावरून जात कळते. आपण बौद्ध. पूर्वीचे महार. तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण ती टोपलीजवळ सरकली. मुलाला, म्हणजे बाळाच्या बापाला, बाजूला घेऊन काहीतरी बोलली. तो केतकीकडे आला. माझ्याकडे नाही.

"मॅडम, इन्फेक्शनचं बघा ना. त्यांना ग्लोव्हज घालायला सांगा."

केतकीचे हात उघडे होते. बाळाची आत्या लांब रंगवलेल्या नखांनी त्याचे गाल ओढत होती. त्या दोघींना कुणी काही म्हणालं नाही.

तीस वर्षं मी प्रसूती वॉर्डात नर्स होते. हातमोजे कधी घालायचे आणि का, हे मी कितीतरी मुलींना शिकवलं आहे. नर्सिंगची परीक्षा इंग्रजीत, पहिल्या श्रेणीत पास झालेली बाई मी. मी खण उघडला. शीची दुपटी उचलायला ठेवलेले मोजे त्यात होते. ते घातले.

तुम्हाला सांगायला जड जातं ते हे. तिने जे म्हटलं ते नव्हे. मी जे केलं ते.

मग त्यांना तीच हनुवटीवाली पोझ हवी होती. मोजे ढगळ. हीटरमुळे आतून घाम. बाळाच्या अंगाला मालिशचं तेल. मी डोकं धरलं आणि ते सरकलं. बोटभर. बोटभरच. दुसऱ्या हाताने सावरलं. बाळ जागंसुद्धा झालं नाही.

"नीट धरा ना गो!" आजी ओरडली.

मला राग आला तो तिचा नाही, माझा. तिचा विटाळ सांभाळायला मी त्या लेकराचा जीव पणाला लावला होता. मी त्याला गादीवर सपाट निजवलं. मोजे काढले. कचऱ्याच्या डब्यात टाकले.

"उघड्या हातांनी धरीन. नाहीतर धरणार नाही. आणि दुसऱ्या कुणाला धरू देणार नाही."

केतकी माझ्या कानाशी आली. "मावशी, हात एडिटमध्ये जाणारच आहेत. दोन मिनिटं घाला ना."

"जाणारच आहेत ना? मग दोन मिनिटं राहू देत की."

ती कॅमेऱ्याकडे परतली. बाप म्हणाला, माझी बहीण धरेल. मी गादीसमोरून हलले नाही. शेवटी टोपलीतले फोटो घेऊन ते निघाले. ती पोझ झाली नाही. दारात चपला घालताना आजी म्हणाली, "एवढा माज बरा न्हाय, बाय."

मी मान खाली घातली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाटी रंगवून घेतली. 'बाळ हाताळणार' आणि पुढे माझं पूर्ण नाव. आडनाव मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि इंग्रजीत. दारावर, आत येण्याआधी वाचता येईल अशी. केतकीने ती दोनदा काढली. गिऱ्हाईक जातं म्हणाली. काही माणसं पाटी वाचून खरंच परत गेली. जाऊ देत. मी तिला सांगितलं, पाटी निघाली की मी निघाले, आणि मी निघाले की ती पोझही गेली. वर म्हटलं, ती पोझ मी तुला शिकवायला तयार आहे. लपायला तयार नाही.

पाटी तिसऱ्यांदा लावली आहे. अजून दारावर आहे.