पहिली चीर

नवरात्र सरलं की समोरच्या मालूताई अख्खा लाल भोपळा कडेवर घेऊन आमच्या दारात उभ्या राहतात. "भाऊजी, पहिली चीर द्या हो." अख्ख्या भोपळ्यावर बाईनं पहिली सुरी चालवायची नाही, अशी जुनी रीत. खरं तर ताई एकट्या राहतात आणि बाजारात भोपळ्याची लहान फोडही मिळते. तरी त्या अख्खाच आणतात.

मी सुरी दाबतो. साल करकरते आणि शरदातलं ऊन साठवल्यासारखा केशरी गर उघडतो. मग ताई मजलाभर फोडी वाटतात. संध्याकाळी कुणाकडे दह्यातलं भरीत होतं, कुणाकडे थालीपीठ, आमच्याकडे सालींची तीळ घातलेली चटणी. तेलाचा सोस नाही, मसाल्याचा भपका नाही. ऋतूनं दिलेली गोडी तेवढी पुरते.

यंदा मात्र मी चिडलोच. "असल्या रीती कसल्या पाळता? कापा की स्वतः!"

ताई हसल्या. "नारळ फोडते, सुरण चिरते, मग भोपळ्याचं काय मोठंसं? पण एकटीनं कापला, तर एकटीनंच खावा लागेल ना!"

मी आतून सुरी आणली. भोपळा या वेळी जरा मोठाच होता.