मुसाफिरखान्यात घेतलेले रियाल

हजला निघायचं ठरलं तेव्हा आमच्या कारंज्यातल्या ओळखीच्या सराफानं माझ्या मालकांना एक गोष्ट बजावून सांगितली. हाजींचं जहाज जिद्द्याच्या बंदराला लागलं, की सगळेच एकदम रुपये मोडायला धावतात आणि तिथं रुपयाचा भाव पडतो. जमलं तर मुंबईतच सस्त्यात तिकडचे चांदीचे रियाल घेऊन ठेवा, म्हणाला. मालकांचं कापडाचं लहानसं दुकान होतं. त्यांनी होता तो माल विकला, मी पाटल्या मोडल्या. हज करायची हौस मालकांच्या आईची, म्हणजे माझ्या सासूची, अम्मांची. पण त्यांना एकटं कसं धाडणार, म्हणून पोरं जावेपाशी ठेवून आम्ही दोघंही निघालो.

छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं मुंबई. जहाजाची वाट पाहत मुसाफिरखान्यात पडून होतो. मालक रोज बाजारातल्या सराफांकडे फिरून यायचे. दर दुकानी भाव वेगळा, आणि दर खेपेला त्यांचा चेहरा जास्तच उतरलेला.

अशात नळावर एक बाई भेटली. मागच्या सालच्या हजनंतर तिकडंच अडकलेली, आता परतीच्या जहाजानं आलेली, मोगलाईतल्या, निजामाच्या मुलखातल्या कुठल्याशा गावची. नवरा मक्केतच वारला होता. त्याच्या जवळचे रियाल तिच्याकडे उरले होते आणि गावी जायला रुपये हवे होते. काय द्यायचे ते द्या, म्हणाली. तिला भाव ठाऊक नव्हता. मी मालकांना सांगितलं. त्यांनी मनाशी हिशेब केला आणि बाजारापेक्षा पुष्कळ कमी आकडा धरला. अम्मा जपमाळ ओढत बाजूलाच बसल्या होत्या.

"तिच्या मयताचा पैसा सस्त्यात घेऊन हजले जाशीन?" त्या मुलाला म्हणाल्या. "असा हज मले नाई पायजे. बाजारात जो भाव हाये तो दे तिले."

मालकांनी आकडा बदलला. बाजारभावानं पैसे मोजले आणि रियाल घेतले. बाई रडली, अम्मांच्या हातावर कपाळ टेकून निघून गेली.

ती गेल्यावर मात्र मी नाणी उलटीपालटी करून पाहू लागले. आम्ही नाणी कुणाला दाखवलीच नव्हती. त्यांवरचे हरफ वाचता यायचे, पण सिक्का कुठला आणि खरा कसा असतो, हे तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं. रुपये तर बहुतेक सगळे देऊन बसलो होतो. शहानिशा करावी म्हणून मालक सराफाकडे निघाले, तेवढ्यात जहाजावर चढायची हाक आली.

रियालांचा कसा, म्हणजे कापडी पिशवी, माझ्या कमरेला बांधलेला होता. जहाजावर लोक उलट्या करून बेजार झाले होते, मला उलटीचंही भान नव्हतं. वाटेत कामरान बेटावर साथीच्या भीतीनं सगळ्यांना उतरवून न्हाऊ घालायचे आणि कपडे वाफेत टाकायचे. तिथल्या बाईनं अंगावरचं सगळं मागितलं. मी कसा सोडून मुठीत आवळला आणि तसाच धरून पाण्याखाली उभी राहिले. ती त्याला हात घालायला लागली तेव्हा मी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. माझ्याकडे नीट पाहून तिनं हात मागे घेतला.

जिद्द्याला उतरल्यावर आधी नाणी तपासून घ्यायला गेलो. सराफ दगडावर एकेक नाणं वाजवून पाहत होता. आवाज सगळ्यांचाच चांगला येत होता, तरी तो काही नाणी बाजूला सारायचा. ती रास वाढत गेली. मालकांनी विचारलं, तर तो मोडक्या हिंदुस्तानीत म्हणाला, ही तुर्कांची जुनी नाणी, आता सौदींचं राज्य आहे, ह्यांचे नुसत्या चांदीच्या वजनाचे पैसे मिळतील. नाणी खोटी नव्हती. पण मक्केला जायला दोन उंट भाड्यानं करायचे होते, तिथं आता एकच करता येणार होता.

मला वाटलं, मालक आता आईवर चिडतील. मीच मनातून चिडले होते, त्या बाईवर आणि थोडी अम्मांवरही. मालकांनी कसा बांधला आणि म्हणाले, "अम्मा, तुमी दोघी उंटावर बसा. मी पायदळ येतो."

उंटाच्या दोन बाजूंना दोन बाजली, एकात अम्मा, दुसऱ्यात मी. मालक इहरामच्या, म्हणजे हजला नेसायच्या, दोन चादरींत वाळू तुडवत चालले होते. ते फार मागे पडले की माझा जीव उडायचा. पहिल्या मुक्कामाला त्यांच्या तळव्यांना फोड आलेले दिसले.

"ठरवून नाई फसवलं तिनं," अम्मा त्यांच्या पायाला तेल लावत म्हणाल्या. "तिले कायले माहीत असन?"

मग पुढच्या वाटेला अम्मांनी उंटावर बसायला साफ नकार दिला. माझ्या बाजल्यात मालकांना बसवलं, आपल्या बाजल्यात तोलाला सामान टाकलं आणि माझा हात धरून चालू लागल्या. मी विनवलं, त्यांनी ऐकलं नाही. वाटेत टेकायला लागलं तेवढंच टेकल्या. मक्केची घरं दिसायला लागली तेव्हा मालक वर गाढ झोपले होते आणि आम्ही दोघी धुळीनं माखून उंटाच्या सावलीत चालत होतो. अम्मा थांबल्या आणि मला म्हणाल्या, "उठव त्याले. त्यालेबी मक्का पाहू दे."