पेटी रिकामी नाही

नगरहून मिशनच्या कामासाठी मलावीला येताना आणलेली आमची पत्र्याची पेटी दाराशी उघडी पडली आहे आणि तिच्यात कोंबडी अंड्यांवर बसली आहे. सकाळीच लेकीचा फोन आला, "आई, सत्तरी उलटली तुमची. आता पेटी भरा आणि घरी या."

मी पेटीकडे हात नेला, तर पिसं फुलवून कोंबडीनं चोच मारली. तिचंही वय झालंय. पण आता पुरे, असं तिला सांगायला कुणी धजत नाही.

दवाखान्याच्या ओट्यावर बायका वाट बघत होत्या. हे चपला घालत म्हणाले, "पोरीला सांग, पेटी रिकामी नाही."

"आणि पिल्लं निघाल्यावर?"

"दुसरी कोंबडी बसवू."