लाल ट्रॉली आणि म्हात्रेदादा

आमच्या मेंटेनन्स शॉपमध्ये दर पंधरवड्याला एखादा पाना हरवायचा, किस्से मात्र साठतच गेले. कंपनीच्या पेण-रोहा बसमध्ये त्यात रोज भर पडायची. निम्मे किस्से लाल ट्रॉलीचे. ट्रॉली म्हणजे चाकांवरचं, सहा खणांचं हत्यारांचं कपाट. आता मी हसत सांगतो, तेव्हा झोप उडाली होती. सहा वर्षं टेम्पररी फिटर म्हणून काढल्यावर माझा परमनंटचा कागद साहेबांच्या टेबलावर पोचला होता. सेफ्टीचा एक वाईट शेरा पडला की तो कागद गेलाच म्हणून समजायचं.

*

ट्रॉली खोक्यातून सुटीसुटी आली. जोडायला मी आणि म्हात्रेदादा. दादा पेणच्या खाडीकडचे, मिठागरवाल्यांच्या घरातले, शॉपमधले सगळ्यात जुने फिटर. रिटायर व्हायला वर्ष उरलेलं.

चार चाकांपैकी दोन फिरती, दोन सरळ. सरळ दोन्ही एका बाजूला हवीत, असं पत्रकात चित्रासकट होतं. पण पत्रक वाचतो कोण! आम्ही ती तिरप्या समोरच्या कोपऱ्यांत बसवली. ढकलली की ट्रॉली गिरकी घ्यायची. साहेब बघायला आले, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून उभी.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"नवी हाय सायेब, लाजते," दादा म्हणाले.

साहेब हसले नाहीत. मी पत्रक शोधून चाकं पुन्हा नीट बसवली.

*

या ट्रॉलीचा एका वेळी एकच खण उघडायचा. मागच्या पत्र्याआड एक उभा रॉड होता, तो बाकीचे खण अडवून धरायचा. दादांना पाना एका खणातला हवा, सॉकेट दुसऱ्यातला. "घरात बायको पन मना येवरं अडवत नाय," म्हणून ते दिवसभर कुरकुरायचे.

मला बघवेना. दादा डबा खायला गेले असताना मी पत्रा खोलून रॉड काढला आणि बाकाखाली सरकवला. परत येऊन त्यांनी दोन खण ओढले, दोन्ही आले. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, विचारलं काहीच नाही. संध्याकाळी बस कोलाडला थांबली तेव्हा मला चहा पाजला.

*

दादांचे गुडघे गेलेले. वाकायला नको म्हणून घण, बेअरिंग ओढून काढायचा पुलर, मोठे पाइप पाने, सगळं जड सामान वरच्या खणांत. तळाला चिंध्या आणि त्यांचे गमबूट.

एकदा पंपहाऊसकडून दोघं ट्रॉली घेऊन येताना उतारावर त्यांनी घाम पुसायला हात सोडला. ब्रेक लावलेला नव्हता. ट्रॉली निघाली ती थेट स्टोअरच्या दारात, पोत्यांच्या थप्पीला धडकून थांबली. स्टोअर सांभाळणाऱ्या नंदाताई तिथून हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्या दोन पावलं मागे सरल्या. मग त्या रजिस्टर उघडत म्हणाल्या, "सामान न्यायला माणूस येतो. आज सामानच माणसाशिवाय आलं. नाव कुणाचं लिहू?"

आम्ही दोघांनी हात जोडले. त्यांनी लिहिलं नाही, पण दोन दिवस बोलल्याही नाहीत.

*

खंडेनवमीला शॉपमध्ये हत्यारांची पूजा. दादांचा नियम असा, की एकही पाना कुंकवाशिवाय राहायचा नाही. सकाळीच फरशी धुतली, साहेब आले, नंदाताई आरतीचं ताट घेऊन उभ्या राहिल्या. दादा गुडघे सांभाळत ट्रॉलीसमोर पाटावर बसले आणि एकेक खण पुढे ओढत फुलं वाहू लागले. पहिला, दुसरा, तिसरा. पाचवा ओढला तेव्हा मागची चाकं उचललेली मला दिसली.

दादांचे डोळे मिटलेले होते. मी मागून हँडलला लटकलो. माझे पाय जमिनीवरून सुटले. घण सरकत येऊन दादांच्या मांडीपासून वीतभर अंतरावर पडला. साहेब आणि नंदाताई दोघं धावले, तेव्हा ट्रॉली जाग्यावर बसली.

साहेबांनी मागे जाऊन पत्रा चाचपला. सगळे खण एकदम बाहेर येऊन ट्रॉली पुढे कलंडू नये, म्हणूनच तो रॉड होता.

"रॉड कुणी काढला?"

माझी नजर बाकाखाली गेली.

"मी," दादा म्हणाले.

"कुठून काढलात, दाखवा."

दादा गुडघ्यावर हात टेकून उठले, ट्रॉलीच्या मागे गेले आणि ठामपणे डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. रॉड मी उजवीकडून काढला होता. साहेबांनी त्या बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी गप्प उभा राहिलो. त्या गप्प राहण्याची लाज मला अजून वाटते.

दसरा झाल्यावर दोन पाकिटं आली. माझ्या नावाचं परमनंटचं. दादांच्या नावाचा सेफ्टीचा मेमो, सगळ्या नोकरीतला पहिला.

दादांनी आपलं पाकीट न फोडताच खिशात घातलं आणि बाकावर बसले.

"तुजा वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं वाच."